खोक्यावरची बाई आणि तुमचे चिरंजीव

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
गौरी-विसर्जनानंतरचा रविवार

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं क्षेम आहे. ईशानच्या दातांना तारा लागल्या. मुक्तानं आरतीनंतर अथर्वशीर्ष अर्धं पाठ म्हटलं आणि उरलेलं नुसते ओठ हलवून निभावून नेलं. तुम्ही पाठवलेला गोडा मसाला पोचला, पिशवी फुटली नव्हती. अण्णांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर तुम्ही दबक्या आवाजात विचारलंत, "मुक्ता म्हणत होती, प्रसाद हल्ली कुठल्याशा बाईच्या मागे लागलाय?" तेव्हा मी "नेटवर्क नाही" म्हणून फोन ठेवला, कारण तो शेजारीच बसला होता. म्हणून हे पत्र.

बाई आहे. वय अंदाजे पस्तीस. १९६७ सालापासून भांडी घासते आहे.

झालं असं की आमच्या घरापासून जवळच ब्रिमफील्ड नावाचं गाव आहे. एरवी तिथे कुत्रंही भुंकत नाही, पण १९५९ पासून वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये, तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. रूट २० च्या दोन्ही अंगांना शेतांतून तंबूच तंबू. तुटक्या खुर्च्या, गंजलेल्या पाट्या, कुणाच्या तरी पणजोबांचे चष्मे, आणि त्यांवर तुटून पडलेली माणसं. जुलैत मी तिथे पितळेचं एखादं बऱ्यापैकी पातेलं मिळतंय का ते बघायला गेले होते. पातेलं मिळालं नाही. तुमचा लेक मात्र काखेत एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन, लॉटरी लागल्यासारखा चेहरा करून परत आला. बारा डॉलर! आतल्या निम्म्या खुंट्या गायब.

खेळाचं नाव बॅटलशिप. मिल्टन ब्रॅडली कंपनीचा. तुम्हाला कळावं म्हणून सांगते. दोघांत खेळायचा. प्रत्येकासमोर एक प्लास्टिकची पेटी, झाकण उभं, त्यामुळे समोरच्याला आतलं दिसत नाही. आत दहा बाय दहा, शंभर भोकं. एका कडेला ए ते जे अक्षरं, दुसरीला एक ते दहा आकडे. आपापली पाच जहाजं लपवून मांडायची: एक पाच भोकांचं, एक चारचं, दोन तीन-तीनची आणि एक दोनचं. मग "सी चार", "एफ सात" असे अंदाजाने गोळे टाकायचे. नेम चुकला तर पांढरी खुंटी, लागला तर लाल. सतरा लाल खुंट्या बसल्या की आरमार बुडालं. मूळचा खेळ कागद-पेन्सिलीचा. आपण शाळेत वहीच्या मागच्या पानावर फुल्ली-गोळा खेळायचो, त्याच जातीचा. १९३१ मध्ये तो 'सॅल्व्हो' या नावाने छापील कागदांवर विकायला आला, १९४३ मध्ये ब्रॅडलीवाल्यांनी 'ब्रॉडसाइड्स' म्हणून त्याची वहीच काढली, आणि १९६७ मध्ये प्लास्टिकच्या पेट्या आल्या. फुकटचा खेळ पैसे देऊन घ्यायला लावणं यालाच धंदा म्हणतात असं अण्णा म्हणतील.

पण प्रसादचं लक्ष खेळाकडे नव्हतंच. खोक्याच्या झाकणावर चित्र आहे. पुढे टेबलाशी वडील आणि मुलगा खेळण्यात रंगलेत. आणि मागे, स्वयंपाकघरात, आई आणि मुलगी भांडी उरकताहेत. ही खेळाची जाहिरात बरं का! "आणा घरी, अख्ख्या कुटुंबाला मजा" असं सांगायला काढलेलं चित्र, आणि त्यात निम्मं कुटुंब सिंकपाशी. इथे अमेरिकेत हे झाकण त्यासाठी चांगलंच कुप्रसिद्ध आहे. जुन्या काळी बायकांना कुठे उभं करायचे हे सांगायचं झालं की लोक हमखास ते काढून दाखवतात.

आमच्या खोक्याचा एक कोपरा उसवला म्हणून आधीच्या मालकानं चिकटपट्टी लावली होती. प्रसादनं ती ओढली आणि तिच्याबरोबर नेमका त्या आईचा चेहरा सोलून निघाला. खांदे आहेत, हात आहेत, भांडी आहेत, चेहऱ्याच्या जागी भुरकट पुठ्ठा. झालं. "ती हसत होती की नाही?" या प्रश्नानं तुमच्या मुलाला घेरलं. रात्री अकराला भिंग. सकाळी चहाबरोबर भिंग. मग हसण्यावरून गाडी पुढे सरकली: ती बाई होती कोण? ती मुलगी आता कुठे असेल? आपलं सिंक भरून वाहत असताना साठ वर्षांपूर्वीच्या सिंकपाशी उभ्या असलेल्या बाईची चौकशी करणारा नवरा माझ्या एकटीच्याच पदरात पडलाय का, हे मला जाणून घ्यायचं आहे.

मी त्याला म्हटलं, अरे, खोक्यावर कंपनीचं नाव असतं, किती वयाच्या मुलांसाठी ते असतं, चित्रातल्या माणसांची नावं कोण छापतो? त्यावर त्याने काय केलं? आख्खी कंपनीच खणायला घेतली. मिल्टन ब्रॅडलीचं मूळ गाव स्प्रिंगफील्ड, आमच्याहून पश्चिमेला तासाभराच्या आत. जेवताना रोज एक अध्याय. हा ब्रॅडली मुळात शिळाछापवाला. १८६० मध्ये त्यानं अब्राहम लिंकनचं चित्र छापलं, दाढी नसलेलं. चित्रं हातोहात खपत होती, तेवढ्यात लिंकननं दाढी ठेवली. उरलेला माल कोण घेणार? तेव्हा पोटासाठी त्यानं 'चेकर्ड गेम ऑफ लाइफ' हा पटाचा खेळ काढला आणि तो तुफान चालला. आई, मला यातला बोध एवढाच कळला की गिऱ्हाइकानं दाढी ठेवली तरी दुकानदारानं धीर सोडू नये. ईशाननं मात्र हे निबंधात घालून चांगले मार्क मिळवले.

आणखी एक गोष्ट, ही तुमच्यासाठी राखून ठेवली होती. ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट आठवतो का, माईआत्या एकादशीला काढायच्या तो? तोच पट इंग्रज घेऊन गेले, त्याची सापशिडी केली, आणि १९४३ मध्ये याच ब्रॅडली कंपनीनं तो अमेरिकेत आणला. पण इथल्या पोरांना साप कशाला दाखवायचा म्हणून सापांच्या जागी बागेतल्या घसरगुंड्या बसवल्या! काम, क्रोध, मोह गेले, आणि कपाटावरचे बिस्किटांचे डबे चोरणारी पोरं आली. माईआत्यांना सांगू नका, उगाच रक्तदाब वाढेल.

तर शोध. जुन्या मालाच्या दुकानांतून खोकी हुडकणं सुरू झालं. त्यातच त्याच्या हाती याच कंपनीच्या कनेक्ट फोरची जुनी टीव्ही जाहिरात लागली. हा खेळ १९७४ चा. त्यात भाऊ-बहीण खेळताहेत, बहीण जिंकते, भावाला दिसतच नाही कुठे, मग ती बोट ठेवून तिरकी ओळ दाखवते. "प्रिटी स्नीकी, सिस," असं म्हणतो तो. हे वाक्य इथे पन्नाशीच्या लोकांना अजून तोंडपाठ आहे. प्रसाद आनंदानं ओरडला, "ही बघ! भांडी टाकून आली बाहेर!" तो त्या मुलीला जणू नात्यातली समजायला लागला होता. आईचा मात्र पत्ता नाही. त्या जाहिरातीतही नाही. बहुतेक आतच असणार.

तुम्ही हसाल, पण हे वेड आपल्याकडचंच आहे. पार्लेजीच्या पुड्यावरची मुलगी नागपूरची, असं तुम्ही स्वतः मला लग्नानंतरच्या पहिल्याच चहाला सांगितलं होतंत. "आमच्या ओळखीच्यांच्या ओळखीची" असंही म्हणाला होतात. कंपनीनं सांगून झालंय की ती कुणीच नाही, साठच्या दशकात एव्हरेस्ट जाहिरात कंपनीच्या मगनलाल दहियांनी काढलेलं नुसतं चित्र आहे. तरी नागपूर माघार घेत नाही. तेव्हा लेकाचं हे कुठून आलं ते मी विचारत नाही.

सप्टेंबरच्या ब्रिमफील्डला अखेर बाई सापडली. एका तंबूत, विणकामाच्या सुयांच्या ढिगाखाली, तेच खोकं, अखंड चेहऱ्याचं. प्रसाद खाली बसलाच गवतात. बाई हसते आहे! अगदी प्रसन्न. प्रसादचा जीव भांड्यात पडला, माझा नाही. जेवणानंतर दोघं नुसते बसलेत, आपण चार माणसांचं खरकटं काढतोय, आणि असा चेहरा? मी त्या दुकानदाराला विचारणार होते की हिला नक्की काय दिलं होतं, पण तोवर प्रसादनं दुसरं खोकंही विकत घेतलं. घरात आता दोन बॅटलशिप आहेत. पितळेचं पातेलं नाहीच.

तो नवा डबा त्यानं गणपतीत बाहेरच्या खोलीत फडताळावर मांडला. त्यावरून खरी गंमत झाली. समोरच्या घरात एक निवृत्त शाळामास्तरीण राहतात, सत्तरीच्या. मुलं त्यांना ग्रॅनीच म्हणतात. दरवर्षी दर्शनाला येतात, मोदक मागून घेतात आणि सारण फार गोड झालंय हेही सांगतात. या वर्षी हात जोडून वळल्या आणि त्यांची नजर फडताळावर गेली. थबकल्या. बोट लांब करून म्हणाल्या, "अरेच्चा. ही तर मी."

आई, तुमच्या मुलाच्या हातातली निरांजनाची ताटली पडायचीच राहिली. त्याने आधी खुर्ची ओढली, मग फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं, मग आवाज कापत विचारलं, फोटो कुठे काढला होता? पैसे किती मिळाले? सही द्याल का? ग्रॅनींना काही कळेना. त्यांनी मोदक संपवला आणि म्हणाल्या, "फोटो कसला? आमच्या घरी असंच असायचं. जेवण झालं की वडील आणि भाऊ हे घेऊन बसायचे आणि मी आईबरोबर ताटल्या पुसायची. म्हणून म्हटलं, ही मी."

प्रसादचा चेहरा बघवेना. मी पटकन दुसरा मोदक वाढला, दोघांनाही.

पण ग्रॅनींचं बोलणं संपलं नव्हतं. म्हणाल्या, सिंकपाशी उभं राहिलं की वडिलांच्या खांद्यावरून त्यांची पेटी सरळ दिसायची. झाकण समोरच्यासाठी असतं, पाठीमागच्यासाठी थोडंच? आतली पाचही जहाजं उघडी. मग त्यांनी आणि भावानं खुणा ठरवल्या. ताटलीवर ताटली दोनदा वाजली की बी. चमचा सात वेळा वाजला की सात. भाऊ विचारात पडल्याचं नाटक करून "बी सात" म्हणायचा, आणि वडिलांचं जहाज गचकायचं. मोबदला म्हणजे भावाच्या वाट्याचं आइस्क्रीम. वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मुलगा नौदलात जायला हवा होता. तो विमा एजंट झाला.

"आणि तुमच्या आईला माहीत होतं?" मी विचारलं.

"खुणा तिनंच शिकवल्या," ग्रॅनी म्हणाल्या.

मी फडताळावरच्या बाईकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

मग डाव मांडला गेला. एकीकडे ग्रॅनी आणि मुक्ता, दुसरीकडे तुमचे चिरंजीव आणि ईशान. ग्रॅनींनी आधी मुक्ताला साधा हिशोब सांगितला. सगळ्यात लहान जहाजही दोन भोकांचं असतं, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक घरं धरली तरी कुठलंही जहाज निसटू शकत नाही. शंभरच्या जागी पन्नास गोळ्यांत सगळा समुद्र विंचरून होतो. नेम लागला की मात्र आजूबाजूचं घर सोडायचं नाही. मुक्ता दातांत जीभ धरून मारा करायला लागली. प्रसाद वाटेल तिथे गोळे टाकत होता, "मला आतून वाटतंय" असं म्हणत. असा सेनापती पाहा तुमचा!

आता हे तुमच्यापाशीच ठेवा. आमच्या नव्या घरातला ओटा बाहेरच्या खोलीकडे तोंड करून आहे आणि प्रसाद नेमका ओट्याकडे पाठ करून बसला होता. मी दुसरा घाणा उकडायला ठेवत होते. मी एक अक्षर बोलले नाही, गणपतीसमोर सांगते. मोदकपात्रावर झारा दोन-चारदा आपटला असेल, तेवढा स्वयंपाकात आपटतोच. ग्रॅनींनी एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मुक्ताला तर काही समजवावं लागलं नाही, कुणावर गेलीय कोण जाणे. प्रसादचं पाच भोकांचं जहाज बुडालं, मागोमाग चारचं, आणि वीस मिनिटांत आरमार तळाला. "पोरीला उपजत आहे गं!" असं तो मला कौतुकानं सांगत आत आला. मी हो म्हटलं आणि त्याच्या हातात खरकटी भांडी दिली. घासली हो त्यानं, सगळी. ग्रॅनींनी जाताना त्याचा सिंकपाशी फोटो काढला.

अण्णांना नमस्कार. मुलांचा तुम्हा दोघांना शि. सा. न.

तुमची,
मृणाल

ता. क. : आपल्या माळ्यावर व्यापाराचं जुनं खोकं आहे ना, ज्याच्या झाकणावर टाय लावलेली कुणी माणसं आहेत? ते भंगारात द्यायचं असेल तर दिवाळीआधीच देऊन टाका. प्रसादनं डिसेंबरची तिकिटं काढली आहेत.