क्रियापदाच्या प्रतीक्षेत

इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद येतं, असं शाळेत शिकवतात. अमेरिकन तत्त्वज्ञ ज्युडिथ बटलर यांच्या एका गाजलेल्या वाक्यात कर्ता दुसऱ्याच शब्दाला हजर होतो आणि क्रियापद उगवतं ते थेट 36व्या शब्दाला. मधल्या वेळात भांडवल येऊन जातं, सामाजिक संबंध येऊन जातात, 'हेजिमनी' (म्हणजे वर्चस्व) ऐसपैस मांडी घालून बसते आणि वाचक मुहूर्त टळला तरी नवरदेवाचा पत्ता नसलेल्या मांडवातल्या भटजींसारखा अंतरपाट धरून उभा राहतो. वाक्य एकूण 94 शब्दांचं. पूर्णविराम एक.

1997 साली 'डायक्रिटिक्स' या नियतकालिकात छापलेल्या या वाक्याने पुढच्याच वर्षी पहिलं बक्षीस पटकावलं. बक्षीस वाईट लेखनाचं होतं! न्यूझीलंडमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारे डेनिस डटन 'फिलॉसॉफी अँड लिटरेचर' या नियतकालिकातर्फे ही स्पर्धा घेत. वाक्य विद्वानाने गंभीरपणे लिहिलेलं आणि छापून आलेलं हवं, मुद्दाम केलेलं विडंबन चालणार नाही, अशी अट होती. नकळत होणारं विडंबनच एवढं मुबलक होतं, की मुद्दाम करणाऱ्यांची गरज डटन यांना वाटत नव्हती.

असं वाक्य फोडायचं कसं? शब्दकोश घेऊन पहिल्या शब्दापासून निघालेला वाचक 'होमोलोगस'पाशीच गारद होतो. त्यापेक्षा आधी मुख्य क्रियापदं हुडकावीत. इथे ती दोनच आहेत, 'ब्रॉट' आणि 'मार्क्ड'. कर्ता 'मूव्ह', म्हणजे एका विचाराकडून दुसऱ्याकडे सरकणं. मग 'फ्रॉम' कुठे आणि त्याच्या जोडीचा 'टू' कुठे, तिथे पेन्सिलीने खूण केली की सांगाडा दिसू लागतो. भांडवल समाजाला सगळीकडे साधारण एकाच साच्यात घडवतं, असं आधी मानत. सत्ता पुन्हा पुन्हा नव्याने जुळवावी लागते, असं नंतर मानू लागले. त्यामुळे रचनेच्या विचारात काळ शिरला. पुढचा अर्धा भाग जवळपास हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतो. 'स्ट्रक्चर' आपल्या गोतावळ्यासह पाच वेळा येऊन जातं. माणूस मात्र औषधालाही नाही. विचार कुणी बदलला? कुणीच नाही, तो आपोआप सरकला. फ्रेंच मार्क्सवादी तत्त्वज्ञ अल्थ्युसर येतो, पण तोही विशेषण होऊन.

त्या वर्षीचं दुसरं बक्षीस एका मुंबईकराला मिळालं. होमी भाभा, अणुशास्त्रज्ञ नव्हेत, एल्फिन्स्टन कॉलेजातून ऑक्सफर्डला गेलेले समीक्षक. त्यांचं वाक्य 1994 च्या 'द लोकेशन ऑफ कल्चर' या पुस्तकातलं. तिथे अपराधभाव, छद्मविज्ञान, अंधश्रद्धा अशी लांबलचक यादी मध्येच आडवी येते. ती ओलांडली की हाती लागतं ते असं: तोंडाने विवेकाच्या गप्पा मारणाऱ्या वसाहतवादी साहेबाचं वागणं त्या गप्पांशी जुळत नाही आणि ती फट बुजवायला तो या सगळ्याचा आधार घेतो. एवढ्यासाठी घाम गाळायला हरकत नाही.

पण सांगाड्याच्या आत काहीच नसलं तर? न्यूयॉर्कचे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी 1996 साली क्वांटम गुरुत्वाकर्षणावर असाच एक भारदस्त, पण मुद्दाम अर्थहीन लेख रचून 'सोशल टेक्स्ट' या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाकडे पाठवला. तो छापला गेला. मग सोकल यांनीच दुसरीकडे लेख लिहून भांडं फोडलं आणि 'सोशल टेक्स्ट'च्या संपादकांना त्या वर्षीचं साहित्याचं 'इग नोबेल' हे नोबेलची थट्टा करणारं पारितोषिक मिळालं.

बटलर गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. मार्च 1999 मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून उत्तर दिलं. अमेरिकेत एके काळी गोऱ्यांनी गुलाम बाळगणं आणि बायकांना मत नसणं, हेही काही लोकांना अगदी सरळ, शहाणपणाचं वाटत होतं. अशा शहाणपणाला धक्का द्यायचा तर भाषाही अवघड होणार, असा त्यांचा युक्तिवाद. मुद्दा वजनदार आहे, आणि तो पहिल्याच वाचनात कळतो. वृत्तपत्राच्या वाचकांसाठी लिहिताना बटलर यांनी क्रियापदं वेळेवर आणली होती.