मणिभवन पाऊण तासात: नवख्या सरांसाठी

सहावी ‘ब’ची सहल तुमच्या गळ्यात पडली आहे ना? घाबरू नका. गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवरचं हे दोन मजली घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. एवढं आदल्या दिवशी फळ्यावर लिहून द्या, म्हणजे घर बघायची गरजच उरत नाही.

तळमजल्यावर ग्रंथालय आहे. तिथे ‘शूऽऽ’ म्हणायचं. तुमचंच ‘शूऽऽ’ सगळ्यात मोठं ऐकू येईल, पण त्याला इलाज नाही.

गांधीजींनी 23 जुलै 1939 ला हिटलरला लिहिलेलं पत्र लावलंय, तिथून मुलांना भराभर पुढे हाका. सुरुवात ‘प्रिय मित्र’ अशी आहे. कोणीतरी विचारणारच, “सर, हिटलर त्यांचा मित्र होता?” पत्र इंग्रज सरकारने पुढे जाऊच दिलं नाही, हे सांगितलंत की “मग लिहिलं कशाला?” हा पुढचा प्रश्न तयार. “परीक्षेला येणार नाही,” हे उत्तर खिशात ठेवा.

खरी परीक्षा दुसऱ्या मजल्यावर. गांधीजींचं आयुष्य इथे छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांत मांडलंय. दिवाळीत किल्ला करणारी पोरं ही. काचेला नाक लावून बसतील, काठी कशाची, धोतर कसं चिकटवलं यावर वाद घालतील. ताबडतोब वह्या काढायला लावा. पाटीवरचा मजकूर उतरवायला लागलं की मान खाली जाते आणि बाहुलीकडे बघणं आपोआप थांबतं. मी स्वतः सातवीत असताना अशा पाट्या चार पानं भरून उतरवल्या होत्या. अक्षराला शाबासकी मिळाली. देखावा एकही आठवत नाही. (‘दांडी’ या शब्दावर मागची दोघं फिस्सकन हसतील. त्यांनी काल मारलेली असते.)

मग गांधीजींची ती खोली. काचेपलीकडे गादी, लोड, बैठं मेज, चरखे. “एवढंच?” हा उद्गार ठरलेला. इथे चुकूनही रेंगाळू नका, नाहीतर तुम्हीच बोलायला लागाल. मुंबईतल्या आजारपणात डॉक्टर गांधीजींना म्हणाले दूध घ्या, तर दूध न घेण्याचं व्रत आड आलं. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? व्रत घेताना गांधीजींच्या मनात गाय-म्हैसच होती. ही पळवाट सहावीच्या पोरांना लगेच कळते. मुंबईतच अंथरुणावर असताना खोलीत चरख्याची घरघर सुरू झाली आणि आपण बरे झालो त्यात तिचाही वाटा होता, असं गांधीजींनीच लिहून ठेवलंय. आज चरखे आहेत, घरघर नाही. हे सांगितलंत की पोरं क्षणभर गप्प होऊन कान देतात, आणि वेळापत्रकाची दहा मिनिटं जातात.

गच्चीचा विषय काढूच नका. तिथे गांधीजींचा तंबू होता आणि 4 जानेवारी 1932 च्या पहाटे पोलीस तिथेच येऊन त्यांना घेऊन गेले, हे कळलं की पोरं जिन्याकडे धावतात.

फोटो दारातच काढा, पाटी दिसली पाहिजे. मग हजेरी. एक कमी भरेल. तो अजून काचेपाशी उभा असेल. दंडाला धरून आणा आणि बसमध्ये आपल्या शेजारी बसवा. चौपाटी येईपर्यंत तो विचारेल, “सर, पोलीस आले तेव्हा खालच्या घरवाल्यांना जाग आली असेल का हो?”