काळ्या-पांढऱ्याची ग्रामसभा

विसरवाडीसारख्या गावात अंधाराला काय तोटा, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण फोटोवाल्याला विचारा. भारनियमनात गावभर मिट्ट काळोख असायचा, पण एन्लार्जरचा दिवा त्याच विजेवर चालायचा. वीज आली की सुरत-धुळे हायवेवरच्या ट्रकांचे दिवे फटीतून आत घुसायचे आणि ब्रोमाइड पेपर काळा करून पुढे कोंडाईबारीच्या घाटाला लागायचे.

तरीही फोटोवाल्याच्या त्या डार्करूमचा मला भारी हेवा वाटायचा. घरात, शेतात, पंचायतीत, कुठेच माणसाला एकटं सोडत नाहीत. इथे मात्र दारावर ‘काम चालू आहे, दार उघडू नये’ असं लिहिलं की मोठा साहेबसुद्धा मुकाट्यानं बाहेर बाकावर बसायचा.

आत लाल दिव्याखाली तीन ट्रे. डेव्हलपर, नंतर आंबूस वासाचा स्टॉप बाथ आणि शेवटी हायपो. कोऱ्या कागदावर आधी मिशी उमटायची, मग डोळे. चेहरा सावकाश मागून यायचा. उरलेले चांदीचे क्षार हायपो विरघळवून टाकायचा. त्याचा हा गुण जॉन हर्शेलनं 1819 सालीच हेरला होता. फोटोग्राफीला तो कामी आला 1839 मध्ये. औषध आधी आणि रोग वीस वर्षांनी, असं आमच्याकडच्या दवाखान्यात कधी घडलं नाही.

आतले सगळे निर्णय एकट्या फोटोवाल्याचे. तारेला पुठ्ठ्याची चकती लावून तो चेहऱ्यावर सावली धरायचा आणि चेहरा उजळ निघायचा. जन्मभर उन्हात राबलेल्यांना हे शास्त्र समजावून सांगावं लागत नसे. हाताचा पंजा वाकवून फटीतून जास्त प्रकाश सोडला की तेवढा भाग गडद. पेपर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ असो की परदेशी, बिघडला की पैसे गेले. म्हणून तो हात जपून चालवायचा. गिऱ्हाइकाला मत नव्हतं, फक्त पावती होती.

आता काउंटरवर कॉम्प्युटर आहे आणि स्क्रीन गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसलाय. फोटोशॉप 1990 साली आलं आणि पुढे त्यात ती चकती आणि तो पंजा चित्रांच्या रूपानं जसेच्या तसे आले. दार तेवढं बाहेर राहिलं. पेसा कायद्यानं 1996 पासून आमच्या आदिवासी भागातल्या ग्रामसभेला पुष्कळ अधिकार दिले. फोटो छापण्याचा त्यात नव्हता, तो लोकांनी स्वतःच घेतला.

आमच्या आजोबांचा जुना काळा-पांढरा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचं ठरलं, तेव्हा हे सगळं पाहायला मिळालं. स्कॅन होईतो मागे सात-आठ डोकी जमली.

“बाबांना कोट घाल,” काका म्हणाले.

“जन्मात कोट पाहिला नाही त्यांनी!”

“म्हणून तर घाल म्हणतोय.”

तेवढ्यात कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणाला, “रंगीतच करून देऊ का?” आणि भडका उडाला. फेटा कोणत्या रंगाचा? काका म्हणाले लाल. धाकटे काका म्हणाले केशरी. आजोबांची लेक, म्हणजे आमची फुई, ठामपणे म्हणाली, “गुलाबी. मी धुतलाय तो.” चहाला थांबलेला एक अनोळखी ड्रायव्हरसुद्धा जाता जाता ‘लाल’ला मत देऊन गेला. पन्नास वर्षं तो फोटो घरात होता, पण फेट्यावरून कधी भांडण झालं नव्हतं. करड्या रंगाचं मोठेपण असं, की त्यात ज्याला त्याला आपला रंग दिसतो.

शेवटी ठराव एकमतानं मंजूर झाला: कोट नको, रंग नको, फोटो काळा-पांढराच.

पण साधा इंकजेट प्रिंटर करडा रंग करायलाही रंगीत शाया मिसळतो आणि त्यांचं प्रमाण थोडं हुकलं की छटा चढते. कागद बाहेर आला. आजोबा रुबाबदार दिसत होते, फक्त अंगभर किंचित गुलाबी झाक होती.

फुईनं फोटो उजेडात धरला, सगळ्यांना फिरवून दाखवला आणि म्हणाली, “बघा. मशीनलासुद्धा माहिती आहे.”

पैसे काकांनी दिले.