किलोमीटरमागे पन्नास

आता प्रत्येक सोसायटीत एक तरी अल्ट्रावाला असतोच. त्याची आणि मॅरेथॉनवाल्याची गल्लत करू नये. मॅरेथॉनवाला बेचाळीस किलोमीटर पळतो, पदक दाताखाली धरून फोटो काढतो आणि मिसळ खायला जातो. अल्ट्रावाला त्याच बेचाळीस किलोमीटरला ‘रविवारची प्रॅक्टिस’ म्हणतो. त्यातही जो नुसता हौसेसाठी पळतो तो निरुपद्रवी, ‘वा!’ म्हटलं की त्याच्यापासून सुटका होते. हॉस्पिटलसाठी पळतो तो मात्र अवघड. त्याला ‘वा!’ म्हटलं की तो क्यूआर कोड पुढे करतो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले भाऊ या दुसऱ्या जातीचे. वय पन्नाशीपुढचं, नोकरी विमा कंपनीत आणि अंगकाठी अशी, की घरी आलेला पाहुणा वहिनींना हळूच विचारतो, ‘यांना बरं नाही का?’ पहाटे साडेतीनला ते घर सोडतात. खडकवासल्यापर्यंतची कुत्री त्यांना ओळखतात. एखादं नवीन पिल्लू भुंकलंच तर जुनी त्याला गप्प करतात. कधी बोपदेव घाट चढायचा, उतरायचा आणि कोणी मागे लागलेलं नसताना पुन्हा चढायचा. कमरेच्या पट्ट्यात मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की. पायाच्या दहा बोटांपैकी किती नखं सध्या हजर आहेत, हे ते न विचारता सांगतात. जेवताना नखांचा विषय काढायला वहिनींनी बंदी घातली आहे.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही भाऊंची पंढरी. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम नावाच्या इंजिन ड्रायव्हरने ही शर्यत १९२१ मध्ये सुरू केली. तेव्हा ३४ जण निघाले होते, आता हजारोंनी निघतात. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधलं अंतर सुमारे ९० किलोमीटर. सहसा एका वर्षी चढाची दिशा, पुढच्या वर्षी उताराची. बारा तासांत पोचायचं. बारावा तास भरला की अंतिम रेषेवर एक जण धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतो. कोणाचं थोडक्यात हुकलं, ते त्याला दिसू नये म्हणून.

‘१८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हेच पीटरमॅरिट्झबर्ग. तिथूनच मी पळत सुटणार!’ असं भाऊंनी गच्चीवरच्या कोजागरीला जाहीर केलं. तळमजल्यावरच्या काकांनी मसाला दूध खाली ठेवलं. ‘त्यांना ढकलून दिलं होतं. तुला कोणी ढकललं?’

भाऊंना ढकललं होतं ते एका धर्मादाय रुग्णालयातल्या मुलांच्या कॅन्सर वॉर्डाने. कुणाला तरी भेटायला म्हणून भाऊ तिथे गेले होते. मुलांमधला रक्ताचा कॅन्सर बऱ्याचदा बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, आणि गावाकडचे आईबाप मधेच मुलाला घेऊन परत जातात, हे त्यांना तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं. औषधाचं कसंबसं जमतं. एसटीचं भाडं, शहरातली खोली आणि बुडालेली मजुरी जमत नाही. भाऊ गोळा करतात ते या भाड्याचे आणि खोलीचे पैसे. त्यांच्या पाकिटात एका मुलाच्या बापाने दिलेली, टाचणीने एकत्र केलेली एसटीची तिकिटं आहेत. देणगी मागताना ती दाखवायची, असं ते ठरवून जातात आणि ऐनवेळी गुडघ्याचं बोलून परत येतात.

कारण भाऊंना मागताच येत नाही. गणपतीची वर्गणी मागणारी पोरं पावती आधी फाडतात आणि बेल मागून वाजवतात. भाऊ बेल वाजवतात, पाणी पितात, पंख्याचा आवाज येतोय असं सांगतात आणि ‘बरंय’ म्हणून निघतात. फुकट हात पसरायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. म्हणून आधी नव्वद किलोमीटर पळायचं, नखं गमवायची, निदान उंबऱ्यावर उभं राहण्यापुरता हक्क कमवायचा आणि मग मागायचं. लोकही असे, की ‘आजारी मुलांसाठी द्या’ म्हटलं तर उद्या बघू म्हणतात आणि ‘हा गृहस्थ पळून पळून आडवा होणार आहे’ म्हटलं की पाकीट काढतात.

ही रीत तशी जुनीच. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. मिळालेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. कॅनडाचा टेरी फॉक्स कॅन्सरमध्ये पाय गेल्यावर १९८० मध्ये कृत्रिम पायाने १४३ दिवस पळाला, ५,३७३ किलोमीटर. इंग्लंडच्या रॅनल्फ फाइन्सने २००३ मध्ये, हृदयाच्या बायपासनंतर काही महिन्यांतच, सात दिवसांत सात मॅरेथॉन पूर्ण केल्या आणि हृदयरुग्णांच्या संस्थेसाठी पैसे उभे केले. ही नावं भाऊ रोज घेतात. वहिनी म्हणतात, ‘एवढ्या भक्तिभावाने रामरक्षा म्हटली असती तर!’

सोसायटीत यावर ठरलेली हरकत एकच: ‘विमानाच्या तिकिटाचे पैसेच देऊन टाका की हॉस्पिटलला!’ भाऊ तिकीट स्वतःच्या खिशातून काढतात आणि या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार असतं. ‘ते दिले तर माझेच जातील. पळालो तर तुमचेही जातील.’ मग उरलेले अडथळे येतात. एकाला करसवलतीची पावती हवी असते, पण पैसे रोखीत द्यायचे असतात; दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही, हे भाऊंनी सांगितलं की तो दुखावतो. दुसरा म्हणतो, ‘मी न्यू रेजीममध्ये आहे, मला काय उपयोग?’ नव्या करपद्धतीने मध्यमवर्गाला काय दिलं असेल ते असो, देणगी टाळायचं एक सभ्य कारण नक्की दिलं.

तळमजल्यावरच्या काकांनी मात्र उदारपणे किलोमीटरमागे पन्नास रुपये कबूल केले. शर्यत म्हणजे चार-पाच किलोमीटर असावी, असा त्यांचा समज होता. खरं अंतर कळलं तेव्हा भाऊ विमानात बसले होते.

शर्यतीच्या रविवारी आपल्याकडचे सकाळचे नऊ म्हणजे तिकडचे पहाटे साडेपाच. वाटेत ठिकठिकाणी अंथरलेल्या चटईवर पाय पडला की धावपटूची वेळ मोबाइलवर येते. साऱ्या पुण्यात ती काकांइतक्या काळजीने कोणी पाहिली नसेल. ड्रमंडला निम्मं अंतर सरलं तेव्हा काका जेवले नाहीत. फील्ड्स हिलचा लांबलचक उतार मांड्या पिळून काढतो. तो उतरून पाइनटाउनला भाऊंचा वेग पडला, तेव्हा काकांनी चहा मागवला. ‘इथे बसला तर साडेतीन हजारांत भागेल.’ पण रात्री साडेआठ वाजता भाऊ अजून चालत-पळत होते आणि काका खुर्चीवरून उठले होते. ‘अरे, पळ की! कशाला चालतोस!’ काकू म्हणाल्या, ‘अहो, तुमचेच पैसे जातायत.’ ‘तू गप्प बस!’ भाऊ पोचले तेव्हा बंदुकीला आठ मिनिटं बाकी होती.

अकरा तासांनंतर पण बाराच्या आत येणाऱ्याला क्लॅपहॅमच्याच नावाचं पदक मिळतं. ते जेमतेम नाण्याएवढं. सोसायटीत ते हातोहात फिरलं आणि ‘एवढ्या पळण्याला एवढंसंच?’ यावर एकमत झालं.

भाऊ परतले तेव्हा लिफ्ट बंद पडली होती. उताराची शर्यत पळालेल्या माणसाला जिना सरळ उतरता येत नाही. चौथ्या मजल्यावरून ते कठडा धरून पाठमोरे उतरले आणि प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांनी वसुली केली. पहिल्यांदाच त्यांना काही बोलावं लागलं नाही. ते तसे उलटे येताना पाहूनच लोक मोबाइल काढत होते. तळमजल्यावर काका कागद-पेन्सिल घेऊन तयार होते. ‘मी वाचलंय. रस्त्याच्या कामांमुळे यंदाचं अंतर ८७.७. चार हजार तीनशे पंच्याऐंशी होतात. नव्वदचे मागू नकोस.’ भाऊंनी मागितले नाहीत. काकांनी पै-पैचा हिशेब चुकता केला आणि पावती पूर्ण नावाने हवी म्हणून सांगितलं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघाला. निधी गोळा करायला कोणी तयार होईना, तेव्हा सेक्रेटरींनी भाऊंचं नाव सुचवलं आणि ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. भाऊंचा चेहरा उतरला. ‘पण त्यासाठी कुठे पळायचं?’

‘पळू नकोस,’ काका म्हणाले. ‘लिफ्ट सुरू होईपर्यंत जिने चढ. मजल्यामागे दोन रुपये माझे.’ सेक्रेटरी ते इतिवृत्तात लिहून घेऊ लागले, तशी काकांनी घाईघाईने दुरुस्ती सुचवली: ‘चढतानाचेच. उतरतानाचे नाहीत.’