पेटीवाले मामा

भाचीच्या लग्नात विकत आणलेली वस्तू द्यायची ज्याला लाज वाटते, असा एक मामा प्रत्येक खानदानात असतो. वऱ्हाडातल्या तिवस्यात असे मामा जरा जास्त आहेत, असा माझा संशय आहे. बाकीचे पाव्हणे कूलर देतात, मिक्सर देतात, नाहीतर पाकिटावर नाव टाकून मोकळे होतात. मामा पेटी देणार. सागवानी. आणि स्वतःच्या हातानं केलेली. साखरपुड्याच्या पंगतीत ही घोषणा होते आणि मामीच्या हातातलं वरणाचं भांडं तिथंच थांबतं.

"बाजारातली पेटी काय पेटी असते बाप्पा? चार खिळे ठोकले का झाली!"

मामा सरकारी कचेरीतून लिपिक म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे लाकडाच्या आधी फाईल येते. तिच्यात पेटीचा नकाशा, तो रद्द करणारा दुसरा नकाशा आणि बिजागऱ्यांचे तीन दुकानांतले भाव. आंदणाची पेटी ही काही मामांची एकट्याची टूम नाही. फ्लॉरेन्सचे श्रीमंत आपल्या लेकींना चित्रं रंगवलेल्या पेट्या देत, कच्छमध्ये पितळेनं मढवलेला पटारा नवरीबरोबर जाई, अमेरिकेत मुली लग्न ठरायच्या आधीपासून पेटीत चादरी जमवत. आपल्याकडंही लाकडी पेटी होतीच; मग टिनाची आली, मग लोखंडी आलमारी. हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी त्यातलं एकच वाक्य फाईलला लावलं: "म्हंजे टिनानं घात केला."

तालुक्यातलंच कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. मामांचा सगळ्यात मोठा मुद्दा तिथूनच निघतो. "एवढ्या मोठ्या घरची पोट्टी, पन आंदन भेटलं काय तिले? भाऊ रथामागं धावला, थोबी भांडाले! मामा नोता तिथं, म्हनून झालं थे." पळून जाणाऱ्या रथात पेटी कुठं ठेवायची, हा प्रश्न त्यांना पडत नाही. तिकडं मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम, १९३५ सालचा. लग्नातल्या उधळपट्टीवर महाराजांनी ग्रामगीतेत चांगलेच कोरडे ओढले आहेत. मामा ग्रामगीता नेमानं वाचतात. तिच्यातून त्यांनी श्रमाचं महत्त्व तेवढं उचललं. काम वेळेत करायचं राहून गेलं.

लाकूड मात्र अस्सल. आजोबांचं धाब्याचं घर पाडलं तेव्हाची मयाल, म्हणजे छताची तुळई, मामांनी गोठ्यात जपून ठेवली होती. जुन्या सागाचा गाभा तेलकट असतो, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. हे मामांनी वाळवीलासुद्धा पटवलं असतं. मयाल आरा मशीनवर गेली आणि कुणाच्या तरी आज्यानं आत ठोकलेल्या खिळ्यानं पात्याचे दात गेले. मशीनवाला जे बोलला, ते फाईलला लावलेलं नाही.

कामाला आधी वाढई लावला होता. पण मामा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसत आणि रंध्याच्या प्रत्येक हाताला "हं… नाही… हं" म्हणत. वाढई जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही. मग रंधा, पटाशी, गुण्या सगळं मामांच्या हाती आलं. खरं सांगायचं तर हात वाईट नव्हता. कोपऱ्यांचे सांधे त्यांनी बिनखिळ्याचे, एकमेकांत अडकणारे केले, आणि त्यांतून कागद जात नव्हता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो कागद घालून बघावा लागे. वीजबिल वाटणाऱ्यालाही.

घात झाकणानं केला. मयाल झाकणाला पुरली नाही. मामांनी नवी फळी आणली, ती ओलसर होती. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण आडवं मात्र पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात तर चांगलंच. म्हणून झाकणाला जागा सोडायची असते. मामा जागा सोडणाऱ्यांतले नव्हेत. एसटीतसुद्धा नाही. त्यांनी झाकण काठोकाठ बसवलं, तेही भर आषाढात.

"काऊन मामा, झाकन बसलं का?"

"बसलं. आता उठून नाही रायलं."

वैशाखात लग्न आलं तेव्हा तेच झाकण इतकं आकसलं, की बंद पेटीतली पैठणी बाहेरून दिसत होती. मामा म्हणाले, "हवा खेळाले पाह्यजेन." मामी म्हणाली, "पोरगी आजी झाल्यावर नेऊन देजा."

शेवटी पेटी मांडवात आलीच नाही. पॉलिशचा शेवटचा हात बाकी होता आणि शेवटचा हात मामा कुणाला देत नाहीत. पण लिपिक तो लिपिकच. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात न मागता दिलेल्या भेटीला मुभा आहे, पण १९८५ च्या नियमांप्रमाणे तिची यादी लागते, वधूची वेगळी आणि वराची वेगळी. मामांनी सुवाच्य अक्षरात यादी केली. वस्तू: सागवानी पेटी, नग एक. शेरा: प्रगतिपथावर. त्याखाली वर, वधू, दोघांच्या सह्या घेतल्या. मग भाचीला हात धरून बोहल्याकडं नेलं आणि तिथंही तिच्या कानात पॉलिशची मुदत वाढवून मागितली.

भाची पुण्याला राहते. पेटी तिवस्यातच आहे, पॉलिशचा आणखी एक हात घेऊन. दुसऱ्या भाचीची फाईल उघडली आहे. तुमच्या घरी लग्न ठरलं आणि असा मामा माप घेऊन आला, तर त्याला नाही म्हणू नका. माणूस मनापासून देतो. फक्त लोखंडी आलमारी आधीच बुक करून ठेवा, आणि ते त्याला कळू देऊ नका.