शाळा समितीच्या ‘भावी अध्यक्षां’ना अनावृत पत्र

सर्व इच्छुक उमेदवारांस,
स. न. वि. वि.

आपले फ्लेक्स लागले, हे उत्तम झाले. ज्या पदाला पगार नाही, गाडी नाही, ज्याचे सभागृह म्हणजे पहिलीच्या वर्गातली सतरंजी, त्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीसाठी गावातल्या दोन्ही गटांनी ताकद लावावी, पालकसभेच्या आदल्या रात्री घरोघरी निरोप जावेत आणि निवडीनंतर गुलाल उधळावा, यावरून शिक्षणाबद्दलची आपली तळमळ दिसतेच. आपल्या विनयाचे तर विशेष कौतुक. फ्लेक्सवर तालुक्याच्या नेत्यापासून मित्रमंडळाच्या खजिनदारापर्यंत सगळ्यांचे फोटो आहेत. शाळेविषयी मात्र आपण अवाक्षर काढलेले नाही. आत्मस्तुती टाळावी ती अशी.

प्रचाराच्या धामधुमीत कायदा चाळायला आपल्याला सवड मिळाली नसेल, म्हणून थोडे सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. समितीने करायचे काय, तर शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवायची, शाळेचा विकास आराखडा तयार करायचा आणि आलेले अनुदान कुठे खर्च होते ते पाहायचे. पुढचे कलम २२ तर भलतेच धाडसी आहे. सरकारने शाळेसाठी योजना आखायच्या आणि अनुदान द्यायचे, ते याच आराखड्याच्या आधारे, असे ते म्हणते. म्हणजे कागदावर तरी मंत्रालयातले नियोजन आपल्या सतरंजीवरून सुरू होते. एवढा अधिकार हाती येणार असताना आपल्या जाहीरनाम्यात आराखड्याचा उल्लेखही नाही. अधिकाराचा मोह नसावा तो किती!

मग चुरस कशाची? याला थोडा इतिहास आहे. सर्व शिक्षा अभियानात शाळाखोल्यांची बांधकामे कंत्राटदाराकडे न देता गावाच्या समितीमार्फत करायची, असे धोरण होते. हेतू चांगला होता. पण खोली आली की सिमेंट येते, वाळू येते, बिले येतात, आणि खात्यावर मुख्याध्यापकांच्या सहीशेजारी अध्यक्षांची सही लागते. त्या सहीला त्या काळात जे तेज चढले ते आजही उतरलेले नाही. वास्तविक आता हिशेब फार कोरडा आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते ते पटावर ठरते. तीसपर्यंत मुले असतील तर वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातलाही किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात वीजबिल, खडू, नळाची तोटी आणि उडालेला पत्रा. या रकमेत हात मारायचा म्हटला तरी ते मोठे कष्टाचे काम आहे. तेव्हा पैशासाठी उभे आहात, असा आरोप मी आपल्यावर करणार नाही. आपण उभे आहात ते पुढच्या ग्रामपंचायतीची रंगीत तालीम म्हणून, आणि तालमीला नेपथ्य म्हणून शाळा स्वस्तात मिळते.

माझी तक्रार निवडणुकीबद्दल नाही. जे पद जिंकायला आपण एवढे झटता, त्या पदाचे काम करायला नंतर कोणीच उभे राहत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि ते काम दुसरे कोणी करू शकत नाही, याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. पूर्वी गणवेशाचे काम समितीकडे असे, एका मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये. मग राज्याला ‘एक राज्य, एक गणवेश’ सुचले आणि २०२४-२५ मध्ये कापडखरेदी वरूनच झाली. अर्धे वर्ष उलटले तरी कुठे गणवेश पोचले नव्हते, कुठे पोचलेले अंगाला बसत नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि काम पुन्हा समित्यांकडे दिले. मुलाच्या मापाचा शर्ट मुंबईत बसून ठरत नाही, हे यावरून सिद्ध झाले. पण माप घ्यायला कोणीतरी शाळेत जावे लागते, हेही त्यातच आले.

शर्टाचे माप घेणे त्यातल्या त्यात सोपे. ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी २३.४ टक्के होती आणि पाचवीतली ४४.८ टक्के. म्हणजे पाचवीची निम्म्याहून अधिक मुले तीन इयत्ता मागच्या धड्याशी अडखळतात. आपल्या प्रचारात प्रवेशद्वाराची कमान आहे, भिंतींची रंगरंगोटी आहे, डिजिटल वर्ग आहे, स्नेहसंमेलनाला मोठा मंडप आहे. हे सगळे फोटोत येते. मूल अडखळत वाचते ते फोटोत येत नाही, म्हणून ते जाहीरनाम्यात घ्यायचे नाही, हे व्यवहाराला धरूनच झाले.

यावर आपले उत्तर तयार असेल. आम्ही शेतमजूर, आम्ही चौथी नापास, मुलाचे शिक्षण आम्हाला काय कळणार? हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. कायद्याने रोजंदारीवरच्या पालकाला दर महिन्याच्या बैठकीला बोलावले, पण त्याच्या बुडणाऱ्या मजुरीचा विचार केला नाही, हा त्यातला खरा दोष आहे. तरीही कळत नाही, हे मात्र खोटे. चार वाक्ये वाचताना मूल कुठे थांबते, हे ऐकायला स्वतःला वाचता यावेच लागते असे नाही, कान लागतात. किती मुले थांबली, हे बोटांवर मोजता येते. पोषण आहाराची डाळ पातळ आहे की नाही, हे सांगायला कुठली पदवी लागते? आणि अडाणीपणाची ही सबब गटाची मते मोजताना, वाडीवाडीचा हिशेब मांडताना कधी आड येत नाही, याचे नवल वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, पगार, काहीच आमच्या हातात नाही. मग देखरेख कसली? खरे आहे. म्हणूनच बहुतेक अध्यक्षांना एकच अधिकार ठाऊक असतो, तो म्हणजे गुरुजींना चार लोकांसमोर दमात घेणे. पण कायद्याने समितीला छडी दिलेली नाही, वही दिली आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे, साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक असावेत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे असावीत, हे त्यात लिहिलेले आहे. शिक्षकाने नियमित आणि वेळेवर यावे, हे कलम २४ सांगते. कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामाला जुंपू नये. म्हणजे दोन शिक्षकी शाळेतले एक गुरुजी भलत्याच कामासाठी तालुक्याला गेले, तर तेवढे दिवस मोजून तारीखवार ठराव करणे आणि तो वर पाठवणे, हे अध्यक्षाचे काम. तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यावा, असे कलम ३२ म्हणते. ते निकाल देतीलच, असा माझा दावा नाही. पण कुणी मागितलाच नाही, तर ते न देण्याचे कष्टही त्यांना पडत नाहीत. शिवाय अशा ठरावाने बाजू राखली जाते ती शिक्षकाचीच, आणि हे त्यांना समजले तर इतिवृत्त आधी लिहून सह्या नंतर घेण्याची प्रथा कदाचित त्यांनाही नकोशी होईल.

महिलांच्या निम्म्या जागांचा प्रश्न आपण फारच सफाईने सोडवला आहे. नाव वहिनींचे, सही वहिनींची, बैठकीला खुर्चीत भाऊ. येथे जास्त लिहीत नाही.

काही सज्जन म्हणतात, शाळेत राजकारण नको, नावे बिनविरोध ठरवा. गटबाजीला कंटाळलेल्या माणसाचे हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण बिनविरोध म्हणजे पुष्कळदा मुख्याध्यापकांच्या टेबलावर, त्यांना त्रास न देणाऱ्या पालकांची यादी. तिच्यात वस्तीवरची, पारधी पालावरची, ऊसतोडीला गेलेली माणसे नसतात. त्यांना निदान मत मागायला तरी कोणी जावे, एवढ्यासाठी मी आपल्या चुरशीच्या बाजूने आहे. फक्त ती कशावर व्हावी, एवढाच आपल्यात मतभेद. तिसरीतली किती मुले वाचू शकतात आणि वर्षअखेर किती वाचतील, यावर दोन गट भांडणार असतील, तर गुलालाच्या वर्गणीत माझेही नाव घाला.

एक अडचण मात्र आहेच. या समितीचा अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा असतो, आणि पालक म्हणजे ज्याचे मूल याच शाळेत आहे तो. आपल्यापैकी ज्यांची मुले रोज सकाळी पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यांची यामुळे पंचाईत झाली आहे आणि त्यांनी आपले कार्यकर्ते उभे केले आहेत. लोकप्रतिनिधीने ज्या शाळेचा कारभार पाहायचा तिथे स्वतःचे मूल घालावे, ही अट इतर कुठल्याच निवडणुकीत नाही. ती ज्याने घातली त्याला राजकारण कळत नसावे.

केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे शाळेचा आराखडा तीन वर्षांचा असतो आणि समिती स्थापन झाली त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीआधी किमान तीन महिने तो तयार व्हायला हवा. म्हणजे डिसेंबर संपायच्या आत. मागच्या समितीचा आराखडा मुख्याध्यापकांच्या कपाटात असेल. तो मागून घ्यावा आणि पहिल्या बैठकीत सतरंजीवर बसून मोठ्याने वाचावा. मागच्याच्या मागच्या आराखड्याशी तो शब्दशः जुळला, तर दोन्हींवर सह्या कोणाच्या आहेत तेही वाचावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मतदार

ता. क. फ्लेक्सवर शाळेचे नाव चुकले आहे. तिसरीतल्या एखाद्या मुलाकडून वाचून घेतले असते, तर छापण्याआधीच कळले असते. अर्थात ते मूल २३.४ टक्क्यांतले असते तर.