चौथा भिडू

एसेनच्या गाडीत माणसं रिकाम्या सुटकेस घेऊन चढतात. परत येताना त्या भरून आणायच्या असतात. माझी सुटकेसही रिकामीच होती. भरलेला होतो तो मी.

याला कारण आमचं घराणं. आमच्याकडे गाणं नाही, चित्रकला नाही, शेतीवाडी नाही. पत्ते मात्र आहेत. या घराण्याच्या गादीचा सध्याचा वारस मी आहे, असं मी मानतो. इतरांनीही मानावं म्हणून संधी मिळेल तिथे सांगतो. कोणत्या हातात कोणाचा कोणता पत्ता पडला, हे मला डाव संपेपर्यंत लक्षात राहतं. मंडईतून काय आणायचं ते राहत नाही, पण मंडईत कुणी पत्ते वाटत नाही.

भाचा ड्युसेलडॉर्फला नोकरीला आहे. त्यानेच बोलावलं. "मामा, तू ये, तुला जत्रा आवडेल. फक्त तिथे कुणाला शिकवायला जाऊ नकोस." हल्लीच्या मुलांना वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं कळत नाही, असं मी मनात म्हटलं आणि काय काय शिकवता येईल याचा विचार करू लागलो.

एसेन हे क्रुपच्या पोलादाचं आणि कोळशाचं गाव. शेवटची खाण १९८६ साली बंद झाली. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८३ साली, तिथे खेळांना वाहिलेल्या एका मासिकाच्या वाचकांचा छोटा मेळावा भरला होता. मराठी मासिकाच्या वाचकांचा मेळावा भरला तर त्यातून फार तर वर्गणीवाढ निघते. यांच्या मेळाव्यातून 'श्पील' नावाची ही जत्रा निघाली. दर ऑक्टोबरात चार दिवस चालते आणि २०१९ साली तिथे दोन लाखांहून जास्त माणसं येऊन गेली. व्हिडिओ गेम खेळायला नव्हे. पुठ्ठ्याचे पट, लाकडी सोंगट्या, फासे आणि पत्ते यांच्यासाठी. मोठमोठी दालनं, दालनात हजारो टेबलं, आणि तरी बसायला जागा नाही. एखादा डाव संपत आला की त्या टेबलामागे माणसं घुटमळू लागतात, रविवारी सकाळी मिसळ संपवणाऱ्याच्या खुर्चीमागे आपण उभे राहतो तशी. फरक इतकाच, की इथला बसलेला माणूस मागे वळून हसतो आणि "अजून दहा मिनिटं" असं खरं सांगतो.

जत्रेत सगळ्यात जास्त हेवा वाटला तो खेळ रचणाऱ्यांचा. क्लाउस टॉयबर हा मनुष्य दातांच्या कवळ्या बनवायच्या धंद्यातला. संध्याकाळी घरी येऊन तळघरात खेळ रचायचा. १९९५ साली त्याचा 'कटान' आला आणि जगभर गेला. इथे रचनाकार टेबलाशी बसून खोक्यांवर सह्या देतात, समोर रांग असते, आणि खोक्यावर त्यांचं नाव ठसठशीत छापलेलं असतं. ते पूर्वी नसायचं. १९८८ साली न्यूरेम्बर्गच्या खेळणी-प्रदर्शनात काही रचनाकार बिअर पीत बसले होते. खोक्याच्या वर नाव छापणार नसेल तर त्या प्रकाशकाला खेळ द्यायचा नाही, असं त्यांनी पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर लिहिलं आणि खाली सह्या ठोकल्या. मराठी लेखकांनी अजून असं काही केलेलं नाही. आपल्यात सगळे एका टेबलाशी बसायचेच नाहीत. मागे एका दिवाळी अंकात माझ्या लेखावर दुसऱ्याच लेखकाचं नाव छापून आलं होतं. संपादकांना फोन करावा म्हणत होतो, तोच कळलं की त्या दुसऱ्या लेखकाने आधीच केला आहे. आपलं नाव या लेखावरून ताबडतोब काढावं, असं त्याचं म्हणणं होतं.

तर हेव्याने माणूस देशभक्त होतो. लुडोच्या एका जर्मन भावंडाचं टेबल दिसलं. म्युनिकच्या श्मिट नावाच्या गृहस्थाने ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलं आणि पहिल्या महायुद्धात त्याचे ३००० संच लष्करी इस्पितळांना वाटून टाकले. जखमी शिपाई खेळले आणि घरोघरी तो खेळ गेला. टेबलावरच्या तरुणाला मी थांबवलं आणि सांगितलं की हा मुळात आमचा पचिसी. बुद्धिबळही आमचंच. सापशिडीही आमचीच, तिला आम्ही मोक्षपट म्हणायचो आणि आमच्याकडे तिच्याशी थेट ज्ञानेश्वरांचं नाव जोडतात. भाचा माझी बाही ओढत होता. तरुण मात्र मनापासून आनंदला. "मग पचिसी कसा खेळतात, दाखवता?" त्याने कुठूनशा सहा कवड्यासुद्धा काढल्या. जर्मन माणसाच्या खणात काय सापडेल सांगता येत नाही.

कवड्या मी यापूर्वी फक्त देवीच्या गळ्यात पाहिल्या होत्या. एक फोन आल्याचं मी भासवलं. घरी शोकेसमध्ये सावंतवाडीचा दशावतारी गंजिफाही आहे, दहा अवतारांची मिळून एकशे वीस गोल पानं. पाहुण्यांना दाखवतो. "कसा खेळतात?" असं आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. हा आपल्या लोकांचा मोठा गुण आहे.

तिथून सटकलो आणि एका टेबलाशी दोन खुर्च्या मोकळ्या दिसल्या. समोर सत्तरीचं जर्मन जोडपं. खेळाचं नाव 'द क्रू', २०१९ साली याच जत्रेत आलेला. चार रंगांचे एक ते नऊ पत्ते आणि चार रॉकेटं. उतारीचा रंग द्यायचा, नसेल तर काही टाका, रॉकेट पडलं तर ते सगळ्यांना भारी. आजींनी नियम समजावायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला मी हात वर केला. अहो, ही तर आमची मेंढीकोट!

आता मेंढीकोटीबद्दल थोडं बोलायला हवं. वाचकांना येते हे मला माहीत आहे, पण नीट येत नाही हेही माहीत आहे. चौघे, समोरासमोरचे भिडू, तेरा-तेरा पानं. राजा-राणीला इथे ताकद आहे पण किंमत नाही. किंमत आहे ती दश्शीला, म्हणजे मेंढीला. चारही मेंढ्या ओढल्या की कोट. आमच्याकडे बंद हुकूम खेळतात. एकाने एक पान पालथं ठेवायचं. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही त्याने "हुकूम उघडा" म्हणायचं, आणि ते म्हणताना आवाजात किंचित तुच्छता हवी. पत्ता ठेवायचा नाही, आपटायचा. ज्या घरात पत्ते ठेवतात त्या घरात मी पाणीसुद्धा पीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी एकापासून चहापर्यंत ओसरीवर हा आपटण्याचा आवाज नसेल तर शेजारी येऊन विचारायचे, सगळं ठीक आहे ना. आणि नियम? नियम दर तालुक्याला वेगळे. एक आत्या सोलापूरची, एक मामी चिपळूणची. दोघींच्या नियमांची सांगड घालताना मे महिना निम्मा संपायचा. पुस्तिका कुणाकडेच नसल्यामुळे जो मोठ्याने बोलेल तो बरोबर. राहता राहिल्या खुणा. कानाची पाळी म्हणजे बदाम, नाक म्हणजे इस्पिक, घसा खाकरला तर "या रंगाची उतारी नको". खुणा करायच्या नाहीत असा नियम होता, आणि तो मोडता येत नसेल त्याने गोट्या खेळाव्यात असा दुसरा होता. आमच्या घराण्यात मुंजीच्या आधी खाकरणं शिकवतात.

हे सगळं मी टेबलावर इंग्रजीतून सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "इथे थोडं वेगळं आहे. इथे सगळे एकाच बाजूला आहेत."

म्हणजे असं, की हातातल्या पानांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, आणि तरी ठरलेला पत्ता ठरलेल्या माणसालाच मिळाला पाहिजे. मिळाला तर चौघे जिंकले, नाही तर चौघे हरले. निळी सत्ती आजींनी जिंकायची होती. ती पडली आणि माझ्या हातात निळी नव्वी होती. अशा वेळी मेंदू विचारत नाही, मनगट विचारत नाही. नव्वी मी अशी आपटली की पलीकडच्या टेबलावरची सोंगटी आडवी झाली. हात ओढून विजयी मुद्रेने वर पाहिलं, तर तिघांच्या तोंडावर सहानुभूती.

पुढच्या डावात भाच्याला कळावं म्हणून मी खाकरलो. त्याने पाहिलं नाही म्हणून पुन्हा खाकरलो. आजींनी पर्समधून खोकल्याची गोळी काढून माझ्यापुढे ठेवली. तिसऱ्यांदा खाकरलो तेव्हा आख्खी डबीच. "मामा, खुणा बंद," भाचा मराठीत दात-ओठ खात म्हणाला आणि त्यांना म्हणाला की मामांना विमानातला एसी बाधलाय.

गोळी चघळताना बाबांची चौकडी आठवली. बाबा, गिरणीवाले अण्णा, शाळेतले चित्रकलेचे सर आणि पोस्टातले काका. दर रविवारी दुपारी आमच्या ओसरीवर. पोस्टातल्या काकांनी स्वतः हात ओढलेले मला फारसे आठवत नाहीत. बाबांचा हात होतोय असं दिसलं की ते आपली मेंढी हळूच त्यावर सोडून द्यायचे. दुसऱ्याचं दुसऱ्याला नेऊन पोचवायची नोकरीतली सवय, असं अण्णा म्हणत.

काका गेले. तेराव्यानंतरच्या रविवारी उरलेले तिघे नेहमीच्या वेळी जमले, चटई अंथरली आणि नुसते बसून राहिले. मी उदार मनाने म्हटलं, मी बसतो चौथा. काही रविवार बसलोही. मी भराभर हात ओढत होतो, बाबांना कोटावर कोट मिळवून देत होतो. मग एका रविवारी जरा उशिरा ओसरीवर आलो तर डाव आधीच सुरू. नीट पाहिलं, सत्तीच्या खालची पानं आणि दोन सत्त्या बाजूला काढल्या होत्या. तीस पानं, प्रत्येकी दहा. पाच-तीन-दोन. तिघांचा खेळ.

"अहो, मी आहे ना," मी म्हटलं.

बाबा पानांतून मान वर न काढता म्हणाले, "तू चांगला खेळतोस रे. पण तू जिंकायला खेळतोस."

"मग कशाला खेळायचं?"

"आत चहा सांग," अण्णा म्हणाले.

पुढे अण्णाही गेले आणि बाबा आणि सर दोघंच राहिले. दोघांत ते भिकार-सावकार खेळायचे. यात बुद्धीचं काम नसतं. पहिलीतली मुलं खेळतात. हे दोन निवृत्त गृहस्थ त्यावरून गल्लीपर्यंत ऐकू जाईल असे भांडायचे. सरांनंतर बाबा एकटेच पेशन्स लावत. अडलं की खालचं पान काढून बघत. मी ते पाहत असे आणि घराण्यातला सगळ्यात मोठा आवाज असूनही काही बोलत नसे.

आपल्याकडे मोठी माणसं खेळायला बसली की त्यांना रिकामटेकडं म्हणतात, याचा मला खरोखर राग आहे. दिवाळीला घरात बारा माणसं जमतात आणि बारा मोबाइलांवर बारा वेगळे खेळ चालू असतात. एकट्याने पेशन्स लावण्याचं वय आता शाळेपर्यंत खाली आलंय. आणि इथे हे आजोबा-आजी गुडघ्याला पट्टे बांधून परक्या माणसाची वाट पाहत दोन खुर्च्या मोकळ्या ठेवून बसले होते.

"पुन्हा एकदा?" आजोबांनी पानं पिसत विचारलं. पुढच्या डावात हिरवी पंजी भाच्याला पोचायला हवी होती. माझ्या हातात हिरवी अठ्ठी होती, आणि मनगट शिवशिवत होतं. मी अठ्ठी धरून ठेवली आणि हिरवी दुर्री टाकली. टाकली म्हणजे ठेवली. ठेवताना आवाज झाला नाही. आजींनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की मला लगेच वाटलं, हेही आपल्याला इतरांपेक्षा जास्त चांगलं जमतं. तसं मी भाच्याला सांगितलंही.

संध्याकाळपर्यंत सुटकेस भरली. त्यातला एक खेळ तर इतका मोठा, की त्यासाठी माझे कपडे भाच्याकडे ठेवावे लागले. मुंबई विमानतळावर कस्टमच्या साहेबांनी नेमकी तीच सुटकेस उघडायला लावली. खोक्यावर बोटाने टकटक केलं, मग झाकण काढलं. आत चार कप्पे, एका कप्प्यात पत्ते, एकात सोंगट्या, दोन मोकळे.

"एवढ्या मोठ्या खोक्यात एवढंच?"

"हो. बाकी हवा."

"कितीजण लागतात?"

"चार."

"आहेत?"

"बघतो."

साहेबांनी झाकण दाबून बसवलं, उरलेली हवा फस्सकन बाहेर आली. "हवेवर ड्यूटी नाही," ते म्हणाले. "जा."